कात्री आधी खाली ठेवा!

दोस्तांनो, शाळेची घाई असते, बस चुकायची वेळ झालेली असते आणि नेमकी त्याच वेळी आरशात एक बट भलतीकडे उभी राहिलेली दिसते. पाणी लावा, तेल लावा, कंगव्यानं दाबून धरा… सोडली की पुन्हा टुणकन वर! मग मनात येतं, "कापूनच टाकते आता हिला!"

आता कल्पना करा, ही एकच बट नाही, अशा पन्नास बटा आहेत. हातभर लांब. निम्म्या डावीकडे पडतायत, निम्म्या उजवीकडे, आणि मधल्या चार-दोन सरळ आभाळाकडे बघतायत. शिवाय ज्याच्या मानेवर त्या आहेत, त्याला आरशात बघायची हौस अजिबात नाही! ही झाली घोड्याची आयाळ.

तिला वळण कसं लावायचं, ते आज आपण बघणार आहोत. पण त्याआधी माझा एक पराक्रम सांगते.

मी तेव्हा मिरजेला होते, सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एक टांगेवाले मामा राहायचे. त्यांची घोडी बिजली. रंगानं तांबडी, स्वभावानं गरीब, पण आयाळ म्हणाल तर नुसता पिंजारलेला झाडू! रोज तिला गवत घालायला मी जायची, आणि रोज मला ती आयाळ खुपायची. एका दुपारी मामा जेवून आडवे झाले होते. मी आईची शिवणाची कात्री घेतली आणि बिजलीची सगळी आयाळ चार बोटांवर आणून ठेवली. कच्, कच्, कच्! वाटलं होतं, किती नीटनेटकी दिसेल!

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, सगळी आयाळ बुटाच्या ब्रशासारखी ताठ उभी! मामांनी बघितलं. ओरडतील म्हणून मी पळायच्या तयारीत होते. पण ते एवढंच म्हणाले, "पोरी, केस कापून वळण लागत नसतं. आता पावसाळ्यात हिच्या माशा कोण हाकलणार? तू?"

माशांचा नि आयाळीचा काय संबंध, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. तुम्हाला आहे?

आयाळ काय शोभेची?

घोड्याची शेपूट म्हणजे त्याचा पंखा. पाठीवर, मागच्या पायांवर माशी बसली की सपकन हाणता येतं. पण ही शेपूट मानेपर्यंत पोचत नाही! हात तर घोड्याला नाहीतच. मग मानेवरच्या माशा हाकलायच्या कुणी? आयाळीनं. मान झटकली की लांब केस सपासप दोन्हीकडे उडतात आणि माशा उठतात. कपाळावर पुढं येणारा केसांचा झुपका असतो ना, तो डोळ्यांवरच्या माशा उडवतो. पावसाचं पाणी केसांवरून ओघळून खाली जातं, उन्हाचा मारा थोडा कमी होतो. म्हणजे आयाळ ही घोड्याची छत्री आणि पंखा, दोन्ही!

सगळ्यांचीच आयाळ अशी लोंबती नसते बरं का. झेब्र्याची बघा. आखूड आणि ताठ उभी. गाढवाचीही तशीच. मंगोलियातल्या रानटी घोड्याची आयाळही उभीच असते, आणि कपाळावरचा झुपका तर बहुधा नसतोच. प्रझेवाल्स्की हे त्या घोड्याचं नाव, मंगोलियातले लोक त्याला 'ताखी' म्हणतात. १९६९ नंतर तो रानात कुणाला दिसलाच नव्हता. प्राणिसंग्रहालयांत जगलेल्या ताखींची पिल्लावळ वाढवून १९९२ पासून त्यांना पुन्हा मंगोलियात सोडायला सुरुवात झाली.

आपल्या पाळीव घोड्यांचे केस मात्र लांब वाढतात आणि स्वतःच्या वजनानं एका बाजूला पडतात. हे 'वजन' नीट लक्षात ठेवा. माझी फजिती इथंच झाली होती! केस कापले, वजन गेलं. वजन गेलं, केस उभे राहिले. म्हणजे जो उपाय म्हणून केला, त्यानंच दुखणं वाढलं.

आणि कापलेली आयाळ पुन्हा वाढायला किती वेळ लागतो? महिन्याला जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी वाढते ती. कात्रीचं काम पाच मिनिटांचं, पण भरपाई वर्षभराची!

ती अशी का वागते?

आयाळ बिथरण्याची कारणं वेगवेगळी असतात. कारण कळल्याशिवाय उपाय करू नका.

काही घोड्यांचे केस मुळातच दाट असतात. एका बाजूला एवढे केस मावत नाहीत, म्हणून थोडे इकडे, थोडे तिकडे. काहींच्या केसांना उपजतच दोन दिशा असतात, जशा तुमच्यातल्या कुणाच्या डोक्यावर दोन भोवरे असतात. काही घोडे मान कशावर तरी घासतात, मग तिथले केस तुटतात आणि आखूड खुंट उभे राहतात. काहींच्या आयाळीत नुसता गुंता झालेला असतो. पावसाळ्यानंतर माळावर चरून आलेल्या घोड्याची आयाळ बघा. कुसळं, आघाड्याचं बी, काटक्या, सगळं तिच्यात!

गुंत्यावरून आठवलं. पूर्वी इंग्लंडमध्ये लोक म्हणायचे, की रात्री पऱ्या येतात आणि घोड्यांच्या आयाळीच्या जटा वळून जातात! शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकातसुद्धा या उद्योगी परीराणीचा उल्लेख आहे. खरी गोष्ट साधी आहे. घोडा जमिनीवर लोळतो, मान झटकतो, वारा लागतो, केसांना केस गुंडाळतात. पऱ्यांना उगीच दोष कशाला?

फणीच्या आधी हात

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पण फणी लगेच उचलायची नाही! आधी घोड्याला कळू दे, की आपण आलोय.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळं त्याला आजूबाजूचं खूप दिसतं, पण अगदी मागचं दिसत नाही आणि कपाळासमोर नाकाजवळचंही दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही, थेट तोंडासमोरूनही नाही. बाजूनं, खांद्याच्या रोखानं, हळू आवाजात बोलत जायचं. सोबत घोड्याचे मालक किंवा मोतद्दार हवेतच. मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस. दोरी एका झटक्यात सुटेल अशा गाठीनं बांधायची. आणि काही झालं तरी दोरी आपल्या हाताला गुंडाळायची नाही! घोडा बिचकून उधळला, तर हातही त्याच्याबरोबर जाईल.

खांद्यापाशी उभं राहा. पाय त्याच्या टापांपासून लांब ठेवा. आता मान जिथं पाठीला मिळते तिथला उंचवटा बोटांनी हळूहळू खाजवा. बघा काय होतं! मान खाली येते, ओठ सैल पडतो, डोळे अर्धवट मिटतात. दोन दोस्त घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची हीच जागा दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर केलेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ही जागा खाजवली, की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यात आढळलं. म्हणजे घोडा खरंच निवांत होतो. तुम्ही खाजवलंत, तर तुम्हीही त्याचे दोस्त!

याच वेळी बोटांनी आयाळ बाजूला करून खालची कातडी बघून घ्या. ती का बघायची, ते पुढं सांगते.

गुंता सोडवताना

तुमच्या केसांचा गुंता आई कसा काढते? वरून खालपर्यंत एकदम फणी ओढली तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल! घोड्याचंही तसंच. तो ओरडत नाही, पण मान वर फेकतो, कान मागं पाडतो. त्याची भाषा ती.

१. आधी नुसत्या बोटांनी मोठे गुंते सैल करा. कुसळं, बी एकेक करून वेचा.

२. घट्ट गाठीला दोन थेंब खोबरेल तेल चोळा. दोनच थेंब! जास्त तेल लावलं की सगळी धूळ तिथंच चिकटते.

३. एका वेळी चार बोटं रुंदीचीच बट घ्या. एका हातानं ती मुळाशी घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. दुसऱ्या हातानं रुंद दातांची फणी फिरवा.

४. सुरुवात टोकापासून. टोकाचा गुंता सुटला, की फणी थोडी वरून लावा. मग आणखी वर. मुळापासून सुरुवात केली, तर सगळे गुंते खाली गोळा होऊन एकच मोठी गाठ तयार होते.

५. घोडा कंटाळला, तर थांबा. उरलेलं उद्या. गुंता कुठं पळून जात नाही!

साबण किंवा शाम्पू लावलात, तर पाणी निथळ होईपर्यंत धुवा. साबण मुळाशी राहिला, की खाज सुटते. खाज सुटली, की घोडा मान घासतो. मान घासली, की केस तुटतात… आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर!

वेण्यांची शाळा

आता खरी गंमत. आयाळ मोकळी झाली, पण ती पडणार कुठल्या बाजूला? ब्रिटनमधल्या जुन्या रिवाजानुसार आयाळ घोड्याच्या उजव्या अंगाला पाडतात. पण घोड्याला तो रिवाज कुठं माहीत आहे? बहुतेक केस ज्या बाजूला आपणहून पडतात, ती बाजू निवडलीत तर निम्मं काम घोड्यानंच केलंय असं समजा.

मुळापाशी केस पाण्यानं चांगले ओले करा आणि सगळे एका बाजूला विंचरा. मग चार-चार बोटांच्या बटा पाडून प्रत्येक बटेची साधी, तीन पेडांची वेणी घाला. पेड विणताना हात खाली मानेला टेकलेले हवेत. वेणी वर उचलून घातली, तर ती हँडलसारखी बाहेरच उभी राहील! टोकाला मऊ रबर किंवा लोकर बांधा.

मुळाशी वेणी सैल ठेवा. घट्ट वेणीनं कातडी ताणली जाते, आणि घोड्याला चरायला मान खाली घालायची म्हटलं, की दुखतं. मुलींनो, शाळेच्या स्नेहसंमेलनाला घट्ट अंबाडा घातल्यावर कपाळ कसं ओढल्यासारखं वाटतं, आठवा!

दोन-तीन दिवसांनी वेण्या सोडा, केस विंचरा, मान एक दिवस मोकळी राहू द्या, मग पुन्हा घाला. वेण्या आठवडेच्या आठवडे तशाच ठेवल्या तर केस तुटतात. मधे घोडा मान घासताना दिसला, तर लगेच सोडा. असं काही आठवडे चाललं, की आयाळीला वळण लागतं. सगळ्याच आयाळी ऐकतात असं नाही. फारच दाट असली, तर ती दोन्ही बाजूंना सारखी पडू द्यावी. गुंता नाही, खाज नाही, माशा हाकलता येतात, मग घोड्याची काय तक्रार असणार?

मग कात्री कधीच नाही?

असं नाही. कारण असेल तर कात्री चालते. कानांच्या लगेच मागं, जिथून लगामाचा पट्टा जातो, तिथले दोनेक बोटं रुंदीचे केस बऱ्याच ठिकाणी कापतात. पट्ट्याखाली केस ओढले जाऊ नयेत, म्हणून. पोलो खेळणाऱ्या घोड्यांची आयाळ पूर्ण भादरलेली असते. धावत्या खेळात ती लगामात किंवा खेळाडूच्या काठीत अडकायला नको. नॉर्वेच्या फ्योर्ड जातीच्या घोड्यांची आयाळ तर मुद्दाम उभी राहावी म्हणून कापतात. तिच्या मधोमध काळ्या केसांचा पट्टा असतो आणि दोन्ही कडांना पांढरे केस. कडा थोड्या आखूड कापल्या, की मधली काळी रेघ उठून दिसते.

पण यातलं काहीही मालकाच्या परवानगीशिवाय आणि जाणत्या माणसाच्या हाताशिवाय नाही. आणि जिची आयाळ कापली, तिच्या माशांची सोय माणसानंच करायची.

आयाळ बोलते, ऐका!

खालची कातडी बघा म्हटलं होतं ना? त्याचं कारण हे. आयाळ विस्कटलेली असणं ही कधीकधी खोडी नसते, तक्रार असते.

मुळाशी कोंडा, फोड, खपल्या किंवा केस गेलेले चट्टे दिसले, तर फणी बाजूला ठेवा आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. उवा असू शकतात, गजकर्णासारखं बुरशीचं दुखणं असू शकतं. काही घोड्यांना बारीक चिलटांच्या चावण्याचं वावडं असतं. चिलटाची लाळ कातडीत गेली, की भयंकर खाज सुटते. घोडा खांबावर, झाडावर मान घासत सुटतो. केस जातात, कातडी फाटते, जखमेवर माशा बसतात. ही चिलटं साचलेल्या पाण्याजवळ, ओलसर जागी वाढतात आणि पहाटे व तिन्हीसांजेला जास्त चावतात. म्हणून त्या वेळी घोडा तबेल्यात आत बांधावा, आसपास पाणी साचू देऊ नये. चिलटं उडायला फार दुबळी असतात. तबेल्यात साधा विजेचा पंखा लावला, तरी ती वाऱ्यापुढं टिकत नाहीत. मात्र वायर घोड्याच्या तोंडापासून लांब हवी!

"पण आमच्याकडं घोडाच नाही!"

ही तुमची तक्रार मला ऐकू आली. नसू दे! माथेरानला जाता ना? तिथं मोटारींना बंदी, त्यामुळं घोडा हे तिथलं जुनं वाहन. महाबळेश्वर-पाचगणीलाही घोड्यावरून रपेट असते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. सजवलेले, नटवलेले घोडे तिथं बघून घ्यावेत.

पुढच्या वेळी पाठीवर बसायच्या आधी एक करा. घोडेवाल्या काकांना विचारा, "काका, याच्या मानेला हात लावू का?" आयाळ हळूच बाजूला करून बघा. केस मोकळे, कातडी स्वच्छ असेल, तर समजा, रोज कुणीतरी त्याला प्रेमानं खरारा करतंय. काकांना तसं सांगाही. कष्टाचं कौतुक कुणाला नको असतं? पण जखमा, चट्टे दिसले, तर त्या घोड्यावर बसू नका आणि बरोबरच्या मोठ्यांना दाखवा. आयाळ ही घोड्याची हजेरीवही आहे. त्याच्याकडं कुणी किती दिवस बघितलं नाही, ते तिच्यात लगेच दिसतं.

आणि बिजली?

पाऊस सुरू झाला आणि मामांचं म्हणणं खरं ठरलं. बिजलीच्या मानेवर माशांचे थवे बसायला लागले. बिचारी मान झटकायची, पण झटकायला होतंच काय? टांग्याला जुंपलेली असतानाही ती सारखी डोकं उडवायची. मान खांबाला घासून घासून एके ठिकाणी सोललीसुद्धा. जखम भरेपर्यंत मामांनी टांगा जुंपला नाही. टांगा नाही म्हणजे कमाई नाही. तेव्हा मला कळलं, त्या दुपारी मी नेमकं काय कापलं होतं.

मी रोज शाळा सुटली की जायची. मामांनी गोणपाटाच्या पट्टीला सुतळीचे गोंडे लावून मानेवर बांधायला एक झालर केली. ती रोज धुवायचं काम माझं. जखमेवर औषध लावताना निंबाच्या डहाळीनं माशा वारायचं कामही माझंच. केस जरा लांबले, तसं मामांनी मला ओल्या हातानं ते एका बाजूला वळवायला शिकवलं. आठवीचा निकाल लागला, तेव्हा आयाळ कुठं मानेच्या निम्म्यावर आली होती. मग मी माझ्या शाळेच्या लाल फितीचे तुकडे करून तिला तिच्या पहिल्या वेण्या घातल्या. चांगल्या नऊ!

मामा लांबून बघत होते. म्हणाले, "आता ही तुझ्याच वर्गातली दिसायला लागली. उद्या हिलाही पाठव शाळेत."

दोन दिवसांनी मी वेण्या सोडल्या. आयाळ बरीचशी उजवीकडे पडली, थोडी डावीकडे राहिली, आणि कानामागची एक बट आभाळाकडे बघत होती. तिला मी हात लावला नाही.